पितळी फ्लोट

अन्सेल्मोच्या फोर्डचा काटा
अकरा वर्षं रिकामाच.
म्हणून दिसेल त्या पंपावर तो थांबायचा,
अगदी तीन लिटरसाठीही.
पातागोनियात दोन पंपांमध्ये
नुसता वाराच तर असतो.

परवा मी गाडीखाली आडवी झाले.
सेंडरची तार सोडवून पत्र्याला टेकवली.
काटा ताडकन 'फुल'वर!
म्हणजे डोळा शाबूत, खोट पोटात.

टाकी उतरवली.
फ्लोट कानाशी हलवला,
आत पेट्रोल डुचमळलं.
सुईच्या टोकाएवढं भोक. झाळलं.
काटा खरं बोलू लागला.

आज मेंढ्यांच्या ट्रकवाल्याने निरोप आणला:
"एदेल्मिरा, वाटेत बंद पडलोय.
पंपापाशी पाव टाकी दाखवत होता,
म्हटलं, पुढचं पुढे बघू."

कॅन भरला.
निघण्याआधी माझ्याही टाकीत
काठी बुडवून पाहिली.