घोड्याचा पैसा

कामावर जाताना खिशात पैसा न्यायचा नाही,
हा प्रेसचा नियम.
बाहेर पडताना झडती.
एकतीस वर्षं नाशिकरोडला नोटांचे ताव तपासले,
शाई पसरली का, आकडा सरकला का,
आणि भोंगा झाल्यावर फाटकापाशी
हात वर करून उभा राहिलो,
रिकामा खिसा उलटा करून.

कोटींवरून नजर फिरवणाऱ्याला
एका पैशाचं वेड लागावं
याचं शेजारच्या टेबलावरच्या दोंदेला फार हसू यायचं.
हसू दे.

सन पन्नासचा पैसा.
चौसष्ट मिळून रुपया व्हायचा, तेव्हाचा.
एका अंगाला सिंह,
दुसऱ्या अंगाला घोडा:
पुढचा पाय उचललेला, शेपूट सुटी,
लगाम नाही, खोगीर नाही.
आण्यावर बैल आला, रुपयावर कणसं आली,
घोडा मात्र सगळ्यांत हलक्या नाण्याला.
ज्यानं कोरला त्याला ठाऊक असणार,
रुपया पेटीत बसतो,
पैसा पळतो.

अंजिराबाई झारेकरीण
उजाडायच्या आत सराफ बाजारातल्या गटारीचा गाळ उपसते,
लाकडी पाटीत घोळत घोळत नदीवर धुते.
सोन्याचा कण तिचा,
घोडा माझा, असं आमचं ठरलेलं.
दहीपुलाच्या तोंडाशी मला लांबूनच हाक मारते,
"भाऊ, तुमचं जनावर सापडलं!"
वीस रुपये आणि एक चहा.
कधी नुसताच चहा,
कारण त्या दिवशीच्या पैशावर जनावर नसतंच,
एक गुळगुळीत तांबूस चकती,
तिच्या अंगठ्यासारखीच झिजलेली.
तीही मी घेतो.

निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं मानपत्र
चौकटीतून काढलं,
आत मखमल लावली आणि ओळीत मांडले
तेवीस पैसे.
पहिला कोरा.
चौथ्यावर पाठीची एक रेघ.
नवव्यावर मान, पण डोकं नाही.
सोळाव्यावर सगळं आहे, उचललेला पाय सोडून.
तेविसाव्यावर सालसुद्धा वाचता येतं.
नजर उजवीकडे नेली की धुक्यातून घोडा येतो.
पण त्याचं तोंड डावीकडे.
म्हणजे तो येत नाहीये,
निघालाय.

शैलजा म्हणाली, हा पहिला तर कोराच आहे,
यावर घोडा होता कशावरून?
मी तिचं बोट धरलं,
खालच्या काठाशी हळूच फिरवलं.
मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढा उंचवटा.
"खूर," मी म्हणालो.
ती काही बोलली नाही,
पण बोट तिनं बराच वेळ काढलं नाही.

मग गेल्या महिन्यात
भद्रकालीतल्या मुनोतांनी ड्रॉवरमधून काढला
टांकसाळीतून निघाल्यावर कुणाच्याच हाती न पडलेला.
किंमत सांगत नाही, शैलजा वाचेल.
रात्री भिंगाखाली धरला.
आयाळीचा केस न् केस जागेवर,
सालाखाली मुंबईचा बारीक हिरा,
काठ असा की बोटाला लागावा.
एकही चूक सापडेना.
माझ्यातला तपासनीस खूश झाला
आणि उठून झोपायला गेला.
मी बसून राहिलो.

मूठभर फुटाणे झाला नव्हता हा.
टांग्याच्या भाड्यात कमी पडला नव्हता,
कुणा पोराच्या गालात लपला नव्हता,
पुलावरून गोदेत पडताना
कुणी त्याच्यापाशी काही मागितलंही नव्हतं.
सत्तर-पंचाहत्तर वर्षं
पाय उचलून
तसाच उभा.

आज सकाळी पाकिटातून काढला
आणि सदऱ्याच्या खिशात टाकला, घराच्या किल्लीशेजारी.
नाणी जमवणाऱ्यांत याला पाप म्हणतात.
बिटको चौकापर्यंत चालत गेलो.
दर पावलाला तो किल्लीवर वाजत होता,
टप, टप,
टप.

प्रेसच्या फाटकासमोर आलो
आणि माझे हात
आपोआप वर गेले.