अठ्ठेचाळीस हजार सातशे साठ

हर्णै बंदरावर मी बोटींची वायरिंग करते,
फिशफाइंडर, वायरलेस, चार्ज न धरणाऱ्या बॅटऱ्या.
पिनबॉल जन्मात पाहिला नव्हता.
हमजा सारंग म्हणाले, ट्रान्सफॉर्मर तो ट्रान्सफॉर्मर, बाय,
बोटीत असो की माझ्या पडवीत.

पडवीत, वाळत घातलेल्या जाळ्याआड,
काचेखाली कुठलीशी परदेशी सर्कस:
लाल टोपीची बाई, तीन झेब्रे,
एक वाघ, ज्याचं अर्धं तोंड दमट हवेनं खाल्लंय.
अँटवर्पच्या खलाशी क्लबात लिलावात घेतला म्हणे.
कस्टमवाल्याला काय दिलं ते सांगत नाहीत.
अठरा वर्षं बंद.
तरी कपाळावर आकडा तसाच उभा:
४८,७६०.
रंगवलेली चाकं आहेत ती. वीज गेली
की जिथे होती तिथेच थांबतात.

"हा आकडा माझा नव्हे," सारंग म्हणाले.
"माझी मजल एकतिसापर्यंत."
मी ऐकलं, आणि प्लग काढला.
आधी प्लग. बाकी सगळं नंतर.

खालची फळी उघडली. पालीची अंडी, तीन,
एक रिकामं. कापडी वेष्टणाच्या तारा
अजून रंग ओळखू येण्याइतक्या शहाण्या.
मग प्लग लावून, एक हात पाठीमागे ठेवून, मीटर.
भिंतीत एकशे शहात्तर.
दुपारी दोनशे बारा होते.
"बर्फाचा कारखाना चालू झाला," असं म्हणून
सारंगांनी महावितरणला एक शिवी दिली
जिच्यात तीन बंदरांच्या भाषा होत्या.

शिवी खरी होती, पण पुरेशी नव्हती.
कमी दाबानं कॉइल आळसावते, मरत नाही.
दिवे तर मिणमिणत का होईना, लागले होते.
गुंडाळीच्या टोकाला पंचवीस हवेत, वीस मिळाले.
फ्यूजच्या पलीकडे
काहीच नाही.

पुन्हा प्लग काढला. फ्यूज उपसला.
पकडीवर हिरवा कळक, बोटाला लागेल असा.
आणि काचेच्या नळीभोवती गुंडाळलेली
चॉकलेटची चांदी.
खाऱ्या हवेनं चाळण झालेली, एका कडेला काळी,
पण घडी नीट. अगदी नीट. नखानं दाबलेली.

मी चिडले. फ्यूजचं काम वेळेवर मरणं.
ही चांदी मरत नाही, घर पेटवते.
कुणी केलं हे?

सारंग चांदी उन्हाकडे धरून बघत राहिले.
"मी बोटीवर असताना," ते म्हणाले,
"मशीनला हात लावायचा नाही, असा हुकूम होता."
मग बराच वेळ नुसता
कारखान्याचा कॉम्प्रेसर.

पकडी घासल्या, पॉलिश पेपरनं, चकाकेपर्यंत.
नवा फ्यूज, दहा अँपियर, सात रुपये.
ट्रान्सफॉर्मरवर एक जादा टोक असतं,
अशक्त विजेच्या गावांसाठीच ठेवलेलं.
तार तिथे हलवली, डाग दिला.
बेल्जियममध्ये कुणाला तरी
हर्णैची संध्याकाळ ठाऊक होती म्हणायची.

"आता स्टार्ट दाबा."
सारंगांनी बोट नेलं, आणि मागे घेतलं.
"दाबलं की आकडा जाणार?"
"शून्यावर. त्याशिवाय कळणार कसं मला?"

त्यांनी मस्कतला फोन लावला. स्पीकरवर.
तहसीन, चांदी तू लावलीस?
पलीकडे कुकरची शिट्टी.
मग हसू, अठरा वर्षांचं, एकदम सुटलेलं.
"अब्बा, मार खाणार का आता मी, चाळिशीत?"
आणि तो आकडा? अठ्ठेचाळीस हजार?
"छे! मी बावन्नच्या वर होते.
तो शफीचा असणार. पुसून टाका."

सारंगांनी दाबलं.
चाकं खडखडत फिरली, एकेक,
हजाराचं जरा अडकलं, मी टिचकी मारली.
चेंडू वर आला. वाघाचे दिवे मंद झाले,
कारखान्यानं पुन्हा ओढ घेतली होती,
पण कॉइलनं चेंडू फेकला, ठणकन.

मजुरी मी तीनशे सांगितली, त्यांनी बांगडे वर दिले.
चांदी परत मागितली नाही,
पण टेबलावर ती मला नंतर दिसली नाही.