पाच एकेचाळीस

सभागृहाची किल्ली माझ्याकडे असते,
म्हणून भांडणंही आधी माझ्याच दारात येतात.
चार मंडळं, चार की-बोर्ड,
भिंतीत वीज येणारं सॉकेट एकच.
पेन्टेकोस्टलांना आवाज हवा,
कॅथलिकांना मेणबत्त्या,
आणि आम्हा प्रेस्बिटेरियनांना वेळापत्रक.

चिकुंबुत्सो म्हणाला, शनिवारी गायला आमची ना नाही.
खुर्च्या वाहायला आहे.
सूर्य मावळेपर्यंत आमचे हात शब्बाथात असतात.
मग आम्ही वाहतो, तुम्ही बसा, तामांदानी म्हणाली,
सहज, चहा पुढे सरकवावा तसं.
नको, तो म्हणाला. दुसऱ्याच्या घामावर बसून
एकीची प्रार्थना कशी करायची?
यावर वेळापत्रकात काही लिहिता येईना.

म्हणून दोनशे सोळा खुर्च्या
जकरांडाखाली थप्प्या लावून तशाच,
आणि आम्ही गवतावर,
ऑक्टोबरच्या तापल्या संध्याकाळी
सूर्य जाण्याची वाट बघत.
झोम्बात तो जरा लवकरच डोंगराआड होतो.
गेला! उठा! कुणीतरी ओरडलं.
चिकुंबुत्सोनं खिशातला तक्ता उलगडला.
डोंगरानं झाकला म्हणजे मावळला असं नाही.
पाच एकेचाळीस.

मी संख्याशास्त्र शिकते, पण ती मधली मिनिटं
मला मोजता आली नाहीत.
कुणाकडे तरी हिरवी कैरी होती, कागदाच्या पुडीत मीठ.
ती हातोहात फिरली.
यान्खोनं फीची नोटीस दाखवली:
सोमवारपर्यंत भरा, नाहीतर खोली सोडा.
ती कोणत्या मंडळाची, मला आजही नक्की ठाऊक नाही.
जिथे जेवण असेल तिथली,
असं ती स्वतःच हसत सांगायची.
आता हसली नाही.
तिच्या खांद्यावर आधी कुणाचा हात पडला
तेही दिसलं नाही, उजेड उतरत होता.
प्रार्थना अशी कुणी सुरू केलीच नाही.
बोलता बोलता काहींचे डोळे मिटलेले दिसले,
एवढंच.

पाच एकेचाळीसला सगळे उठले.
खुर्च्यांच्या पाठीवर रंगानं मंडळांची नावं आहेत;
दर वर्षी मी त्या वेगळ्या रांगांत लावते,
परत करायला सोपं.
अंधारात नावं वाचता आली नाहीत.

रात्री, शेवटी, प्रभूची प्रार्थना, चिचेवातून.
इथे दर वेळी ठेच लागते:
कॅथलिक एक ओळ आधी थांबतात,
बाकीचे तसेच पुढे जातात
आणि मागे वळून पाहत नाहीत.
या वेळी मी सगळ्यांना बजावलं होतं,
त्यांच्याबरोबर थांबा.
थांबलो.
आणि त्या रिकाम्या जागेत
कॅथलिकांचा कोपरा एकटाच
आमची ओळ म्हणू लागला, अडखळत,
आठवडाभर पाठ केलेली,
आम्हाला सोबत म्हणून.

तामांदानी आधी हसली. मग अख्खं सभागृह.
मग हसू ओसरलं, आणि जे उरलं
त्याला वेळापत्रकात मी
'मनन, दहा मिनिटं' असं लिहिलं होतं.
किती झाली, पाहिलं नाही.

रविवारी पहाटे, उपासनेआधी,
डबा उघडून बसलो. चिकुंबुत्सो म्हणाला,
आज तुमचा वार. तू बस, मी मोजतो.
मी नाणी माझ्याकडे ओढली.
यान्खो दारात उभी होती, आत येत नव्हती.
फीला अठरा हजार क्वाचा कमी पडत होते.
पुन्हा मोजू, मी म्हणाले,
आणि आम्ही दोघांनी, एकमेकांकडे न बघता,
पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.