चौथा गिअर

गिअरबॉक्स उघडून आज नववा दिवस.
जेवणाच्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रं अंथरून
एकेक भाग मांडलाय, निघाला त्याच क्रमानं,
म्हणजे परत जाताना वाट चुकायला नको.
जेवण सध्या उभ्यानं, सिंकपाशी.

बाहेर उणे एकोणीस. मोंटानाचा वारा
शेडच्या पत्र्याला वाजवत बसलाय.
ट्रक ठोकळ्यांवर, पोट रिकामं.
सत्त्याऐंशीची शेवरोले,
दारावर पुसट अक्षरं अजून:
हालव्हर न्यूगार्ड, गवत आणि घोडे.

कॅटलॉग म्हणतो, सगळंच नवं घ्या.
कॅटलॉगचं काय जातंय?

पंपाची पाती नखानं चाचपली. ओरखडा नाही. राहू दे.
बँडचं अस्तर अजून जाड आहे. राहू दे.
सन शेल मात्र नवा, कडक पोलादाचा;
त्याच्या गळ्याशी केसाएवढी चीर पडते
आणि एका सकाळी रिव्हर्स जातो.
मागं येता न येणारा ट्रक
गोठ्यासमोर काय कामाचा?
पासष्ट डॉलर जास्त. लिहिले.
सील, रिंगा, बुश: तिथं घासाघीस नाही.
टॉर्क कन्व्हर्टर. दोनशे दहा.
वही मिटली. कॉफी केली. वही उघडली.
जळकं तेल ज्याच्या पोटात फिरलंय
ते धुऊन निघत नाही. लिहिले.

काउंटरवरचा ड्वेन स्टुबे म्हणाला,
‘तुझ्या बापानं एवढा खर्च केला नसता, मार्नी.’
म्हटलं, ‘म्हणूनच मी इथं उभी आहे.’

उरला तिसऱ्या-चौथ्याचा क्लच.
अस्तराच्या चकत्या कोळसा झालेल्या,
मधल्या पोलादी चकत्या निळ्याजांभळ्या,
मोराच्या मानेसारख्या.
जळण्यालाही इतका देखणा रंग येतो.

सतरा वर्षांची होते.
ट्रेलरमध्ये दोन घोड्या, जॉर्डनच्या अलीकडचा चढ.
‘चौथ्यात ओढलंस. क्लच जाळलास.’
हे तो थँक्सगिव्हिंगला सांगायचा,
माझ्या लग्नात सांगितलं, नवऱ्याला,
नवरा गेल्यावर वकिलाला.
त्यानं स्वतः बसवलेला दुसरा क्लचही जळला
तेव्हा मी बोझमनला, कॉलेजात;
तरी नाव माझंच.
दवाखान्यात, नाकात नळी असताना:
‘चढावर तिसरा टाक.’
आणि मी टाकत आले सव्वीस वर्षं,
भाड्याच्या गाडीतसुद्धा.

काल कार्ब्युरेटरपाशी दिवा धरला.
पाय किती मागतोय ते गिअरबॉक्सला कळवणारी केबल,
एवढीच एक निरोपी.
तिची क्लिप तुटलेली. जागेवर बांधली होती
गवताच्या गठ्ठ्याची वायर,
आणि केबल अर्धा इंच ढिली.
निरोप अर्धाच पोचायचा,
तेलाचा दाब अर्धाच यायचा,
चकत्या धड चिकटायच्या नाहीत, धड सुटायच्या नाहीत,
घसरत घसरत जळायच्या.
चोर अर्धा इंच होता. फासावर संन्यासी.

त्याला माहीत होतं का?
हा भाग कुठल्याच कॅटलॉगात नाही.

केबल, अठ्ठावीस डॉलर. यादीत सर्वांत वर लिहिली.
आठवडाभर पार्सलची वाट.
ते आज आलं. नव्या चकत्या लाल तेलात भिजत घातल्यात,
रात्रभर, केकच्या भांड्यात.
या घरात एक घोंगडं भिजतच होतं,
आता या भिजू देत.

वायर कापायला पक्कड घेऊन गेले शेडमध्ये.
कापली नाही.
पीळ ओळखीचा होता: तीन वेढे,
आणि टोक आत वळवलेलं,
तो नेहमी वळवायचा तसं,
कुणाची बाही फाटू नये म्हणून.
उलटे तीन वेढे दिले, सावकाश.
हातमोजे काढून.