फेरफार

आर्वीतला ब्लॉक बावीस लाखांचा.
चार आपले, अठरा बँकेचे,
हप्ता पंधरा हजार नऊशे, वीस वर्षं.
हे सकाळी तिकिटाच्या मागं मांडलं,
अर्ध्या तिकिटाच्या. जागा पुरली नाही.
वीस वर्षं तळहातावर आली.

एक्कावन्न किलोमीटर. जाताना शंभर मिनिटं,
येताना ठमके ड्रायव्हर असला तर नव्वद,
खरांगण्याला चहाला उतरला तर देव जाणे.
बेरीज करून पाहिली:
वर्षातले एक्केचाळीस दिवस मी बसमध्ये राहते.
स्वतःच्या ओट्यावर इतकी कधी बसले नाही.

काम माझं मोजणीचं.
दुसऱ्यांच्या धुऱ्यावर मशीन लावायचं,
हद्द कायम करून द्यायची.
दोन भाऊ तीन फुटांपायी बोलत नाहीत
आणि पाणी मला दोघंही विचारतात.

चौदा नंबरची सीट, खिडकीकडची.
दीड फूट बाय सव्वा.
कब्जेदार म्हणून तिथं माझं नाव लागायला हरकत नसावी,
बारा वर्षं झाली, विनातक्रार.
उशीर झाला तर सुगंधाबाई मडावी
अंबाडीची जुडी ठेवून ती धरतात.

रविवारी ब्लॉक पाहून आलो.
टाइल्स गार. गॅलरीतून दिसते दुसऱ्याची गॅलरी.
पोरीनं नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला.
हेमराज सगळीकडं गप्प. जिन्यात म्हणाला,
"घे ना बाप्पा. पण गिरणी काही उचलून आणता येत नाही.
मंग मी करीन जाणं-येणं."

म्हणजे अंतर तेवढंच.
फक्त फेरफार होणार त्याचा,
माझ्या नावावरून त्याच्या नावावर.

आज बस पाऊण तास उशिरा.
फाट्यावर उतरले तर तो उभा,
भुवयांवर ज्वारीचं पीठ.
"कधीचा आलास?"
"आत्ताच येऊन राहिलो."
सायलेन्सरला पाय लागला. गार होता.

फाट्यापासून घर अकरा मिनिटं.
दोन्हीकडं तूर, काळोखात तिचा वास,
कोल्हा आडवा गेला तर बारा.
ही मिनिटं कोणत्या रकान्यात धरायची
ते अजून ठरलं नाही.

खड्ड्यात गाडी उसळली, मी त्याचं जॅकेट धरलं.
घरी येऊन पाहते तर
तळहातावरची वीस वर्षं
पुसली गेलेली, अर्धीच.

सोमवारी बँकेत बोलावलंय.