पाचर

मर्यादा पंधरा किलोची. आमचं यंत्र चौदा किलो नऊशे.
शंभर ग्रॅम राखून ठेवले होते. कशासाठी, ते शेवटी.

उद्यमनगरात दस्तगीर शिकलगारांच्या शेडमध्ये
आम्ही चौघं, एक पंखा, आणि महिनाभराचा वाद.
मगदूमला हवं होतं फिरतं पातं:
मिनिटाला आठ हजार फेरे, ठिणग्या, आरोळ्या.
"पाचर हे काय हत्यार झालं?" तो म्हणायचा,
"नुसती उतरण. समोरच्याला वर यायला केलेली सोय."

येऊ दे की वर, मी म्हणायचे.
वर आलेल्याची चाकं हवेत असतात.

शिकलगार मध्ये पडले नाहीत.
त्यांच्या वडिलांनी अडकित्त्यांना लावली
त्याच कलानं पोलादी पाटीला धार लावत राहिले,
मधूनच बोटाची कड लावून बघत,
नखावर नाही, बोटावर.
मग चहाच्या उधारीची चिठ्ठी फरशीवर टाकली
आणि पाटी पुढे सरकवली.
चिठ्ठी गुमान वर चढून आली.
"एवढं खाली बास का, पोरी?"
बास, चाचा.
"कोण चालवणार ही?"
"मी चालवतो," मी म्हणाले,
आणि मगदूमनं पंख्याकडे तोंड फिरवलं.

पहिली लढत सांगलीच्या पात्याशी.
ते घोंघावत आलं, आमच्या उतरणीवर चढलं,
हवेला दोन वार केले आणि स्वतःच्याच वेगानं
पाठीवर पडून फिरत राहिलं,
उलट्या झुरळासारखं.
जिंकलो. पण टाळ्या ठिणग्यांना पडल्या.
पंचांच्या तक्त्यात नुकसान: शून्य. आक्रमकता: दोन.
शून्य कसं? तो पडला तो काय चक्कर येऊन?

दुसरी लढत पाचरीशीच, इचलकरंजीच्या.
दोन व्याही एका दारात:
आधी तुम्ही. छे छे, आधी तुम्ही.
तीन मिनिटं नाकाला नाक घासलं.
शेवटी त्यांची पाटी एका कोपऱ्यात
केसभर उचललेली निघाली.
तेवढ्यात आम्ही शिरलो.
प्रेक्षकांतलं एक पोरगं जांभई देताना मला दिसलं.

तिसऱ्या लढतीत पहिलीच धडक मारायला
मी काडी पुढे दाबली, पूर्ण,
आणि यंत्र जागच्या जागी थांबलं.
मैदानाच्या दोन प्लायवुडांमध्ये सांधा होता.
एक फळी दुसरीपेक्षा उंच, किती?
पोस्टकार्डाएवढी.
आमचं नाक तिच्याखाली गेलं ते निघेचना.
मागची चाकं धूर काढत होती.
गारगोटीच्या पोरांनी सावकाश वळसा घेतला,
खरंच सावकाश,
आणि मागून आम्हाला उचललं.

अप्पा वडणग्याहून आले होते, कामावरचाच सदरा,
खिशात सुतारी पेन्सिल.
परतीच्या टेंपोत शिवाजी पुलापर्यंत गप्प.
पुलावर म्हणाले, "पाचर न्हाई चुकली.
फटीत शिरायचं, एवढंच तिला येतंय.
फट तू बघाय पायजे हुतीस."
मांडीवरच्या यंत्राला अजून करपल्या रबराचा वास होता.

घरी येऊन त्यांनी हातोडी घेतली, दांडा ढिला झालेला,
बाभळीची चिपटी तासली, वरून ठोकली.
लाकूड जरासं फाटलं,
आणि फाटलं म्हणूनच डोकं घट्ट बसलं.
मला काही दाखवायचं म्हणून नव्हे.
सकाळी त्यांना खिडक्या बसवायच्या होत्या.

तर ते शंभर ग्रॅम.
नाकाखाली बसवायच्या दोन नायलॉनच्या गोट्यांसाठी होते,
यंत्राला अर्धा मिलीमीटर उचलून धरणाऱ्या.
त्या मगदूमनं स्वतः लेथवर काढून आणल्या होत्या,
पात्यावरचं भांडण बाजूला ठेवून.
मीच नको म्हणाले.
अर्धा मिलीमीटर वर म्हणजे
अर्धा मिलीमीटर हार, असं वाटलं मला.

रात्री दप्तरातून काढल्या,
स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवल्या, स्क्रूसकट.
सत्त्याण्णव ग्रॅम.
बसल्या असत्या.