शून्य युनिट

रास्ता पेठेतल्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर,
जिथे पंखा दिवसभर फायली चाळतो
आणि एकही निकालात काढत नाही,
रिसबूड मॅडमनी मला एका ओळीत बोलायला शिकवलं.

कळांवर नेलपॉलिशच्या खुणा होत्या,
कोणत्या अक्षराखाली कोणतं चिन्ह राहतं त्याच्या.
वाचायचं मात्र उजवीकडून डावीकडे.
"अंकांची चाल डावीकडेच असते," त्या म्हणाल्या,
"जुनंच आहे ते, आपल्याकडचं. घाबरू नकोस."

मी सासवडचा. मला दारोदार जायची सवय.
पहिलं मीटर बघ, शून्य आहे का विचार,
असेल तर नाव उतरव, नसेल तर पुढचं दार.
शेजारी शफीक बागवान असंच लिहायचा,
पानभर,
आणि शेवटी एक कंस मिटायला विसरायचा.

मॅडमनी चष्मा कपाळावर सारला.
"सायकल काढून निघालायस का रीडिंग घ्यायला?
सगळी आळी एकदम उभी कर. एकदाच विचार."

८४ ० ११२ ० ० ३७

शून्य आहेस का?
आणि आळी एका दमात बोलली:

० १ ० १ १ ०

मी बघत राहिलो.
ज्याने वीज जाळली त्याच्या वाट्याला शून्य,
ज्याच्याकडे शून्य होतं त्याला एक.
"हे युनिट नव्हेत रे," त्या म्हणाल्या, "हे होकार आहेत."

मग होकारांचा तो पट्टा डावीकडे,
उजवीकडे नावं,
मध्ये एक तिरकी रेघ.
सहांतली तीन उरली, आपापल्या क्रमाने,
कुणी कुणाला ढकललं नाही.
पट्ट्याची बेरीज केली, तीनच आली.
मोजायला निराळं काही शिकावं लागलं नाही.

डबा खाताना त्या नियम सांगायच्या.
आधी गाळ, मग गुण;
जे टाकायचंय त्याला दर कशाला लावतोस?
कुणीच उरलं नाही तर रिकामी यादी येते,
तीही यादीच, तिचीही बेरीज होते.
आणि हो, एकाऐवजी दोन लिहिलंस
तर नाव दोनदा येईल.
"आता असं कोण कशाला लिहील,"
लिंबाची फोड झाकणावर ठेवत त्या म्हणाल्या,
"मला अजून कळलेलं नाही."

त्या गेल्या, ती ओळ राहिली.
वर्षभर शून्य युनिट, दर मार्चला यादी.
प्रभात रोड, कोथरूड, बिबवेवाडी.
मुलं टोरोंटोत, किल्ली शेजारी,
फ्रिजचं दार उघडं, फटीत वर्तमानपत्राची घडी.
मला आता नुसत्या क्रमांकावरून कुलूप दिसतं.

या मार्चला चारशे बारा नावं.
दोनशे सदतिसावं:
रिसबूड द. ग., फ्लॅट सात, सहकारनगर.

मीटर अडकलं असेल.
मी मागची रीडिंगं काढली:
३१ २९ ३० ४
आणि मग बारा वेळा तेच.

त्या चारापाशी मी बराच वेळ थांबलो.
चार युनिटांत किती दिवस बसतात
हे मला तोंडपाठ आहे, तरी कागदावर केलं.
मुलीकडे गेल्या असतील. मुलगी होती ना त्यांना?
बागवानला ठाऊक असतं, पण तोही रिटायर झाला.

यादी साहेबांना चार वाजता द्यायची होती.
पावणेचारला मी पट्टा उघडला,
त्यांच्या जागेवरचा एक खोडला,
तिथे दोन लिहिला.

रिसबूड द. ग.
रिसबूड द. ग.

बेल वाजत नाही अशा दारापाशी
जिन्यात उभं राहून मारावी, तशी.

थोडं थांबलो.
मग दोनाचा परत एक केला
आणि यादी पाठवली. चारशे बारा.